गाडी महिनाभर उभी होती, आता किल्ली फिरवू का?

गणपतीत गावी जाऊन महिन्याने परतलेले, मुलांकडे परदेशी राहून आलेले, पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले अशा अनेक वाचकांची पत्रं एकाच विषयावर आली आहेत. बरेच आठवडे उभ्या असलेल्या गाडीचं खरं नुकसान बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत, घाईत किल्ली फिरवल्यामुळे होतं. म्हणून या वेळचं सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आम्ही पाच आठवडे मुलीकडे बंगळूरला होतो. पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये तशीच उभी आहे. सरळ चालू करावी की आधी काही तपासावं?
(सातारा)

आधी तपासा. वीस मिनिटं लागतील, पण त्यात पुढचा खर्च वाचू शकतो.

सुरुवात गाडीखालच्या जमिनीपासून करा. काळपट-तपकिरी डाग म्हणजे ऑइल, हिरवा किंवा गुलाबी ओघळ म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट, पातळ ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर इंजिन चालू झालं तरी गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.

मग बॉनेटवर दोन-तीन थापा मारा आणि थोडं थांबून ते उघडा. इंजिनच्या आडोशाला मांजर बसलेलं असतं, पावसाळ्यात सापही निघतो. आत उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेली वायर, चिंध्या, सुकं गवत, नारळाची किशी असं काही आहे का ते टॉर्च लावून बघा. सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडलेला असतो तिथे विशेष लक्ष द्या. तो भाग काही मिनिटांत इतका तापतो की त्यावरचं घरटं पेट घेऊ शकतं. एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप काढून आत डोकवा. उंदरांना तो डबा फार आवडतो, आणि फिल्टर कुरतडलेला असेल तर त्याचे तुकडे इंजिनात ओढले जातात. एखादी वायर उघडी पडलेली दिसली तर किल्लीला हातही लावू नका. अशा वायरी एकमेकींना चिकटल्या तर फ्यूज जातोच, कधी इंजिन सांभाळणारा महागडा कंट्रोल युनिटही (गाडीचा छोटा कॉम्प्युटर) जातो.

आता डिपस्टिक. गाडी सपाट जागी हवी. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते पाहा. काळं ऑइल चिंतेचं नाही. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं आहे, इंजिन चालू करायचं नाही. कूलंट बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये हवं, ब्रेक ऑइलही तसंच.

टायर महिन्याला साधारण एक-दोन पीएसआय हवा आपोआप सोडतात. एखादा टायर त्यापेक्षा फार बसलेला असेल तर पंक्चर समजा आणि तसाच पंपापर्यंत चालवत नेऊ नका, रिम टायरची बाजू कापते.

बॅटरी शेवटी. साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना लावला की १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मा. १२ च्या खाली आकडा असेल तर सेल्फ मारण्याऐवजी आधी बॅटरी चार्ज करा. मल्टिमीटर नसेल तर हेडलाइट लावून भिंतीवर उजेड बघा, पिवळट आणि मंद दिसला तर उत्तर मिळालं.

सगळं ठीक असेल तर एसी, पंखा, रेडिओ, दिवे बंद करा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबलेला. क्लच दाबला की सेल्फला गिअरबॉक्स फिरवावा लागत नाही, अर्धमेल्या बॅटरीला तेवढीच मदत. किल्ली ‘ऑन’पर्यंत फिरवा आणि तीन सेकंद थांबा. मागच्या बाजूने पेट्रोल पंपाचा बारीक ‘घूं’ आवाज येईल. किल्ली मागे घ्या, पुन्हा ‘ऑन’ करा. असं दोन-तीनदा केलं की पाइपात दाब तयार होतो. बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबा, त्यानेही ‘ऑन’ होतं. मग क्लच किंवा ब्रेक दाबून सेल्फ मारा.

एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही. मध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, सलग मारलात तर ती तापून जळते आणि बॅटरीही संपते. तीन प्रयत्नांत चालू झाली नाही आणि पेट्रोलचा वास येत असेल तर प्लग भिजले आहेत. पाच मिनिटं थांबा, मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल फवारणं थांबतं आणि नुसत्या हवेने सिलिंडर सुकतो. इंजिनने पकड घेताच पाय उचला.

चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा तीन-चार सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन लगेच बंद करा. आणि कृपा करून रेस करू नका. इतके दिवस उभ्या इंजिनात वरच्या भागातलं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, ते पंपाने पुन्हा वर चढेपर्यंत धातूवर धातू घासत असतो. सुरुवातीची थोडी टकटक त्यामुळेच येते आणि काही सेकंदांत थांबते. सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब आणि पांढरी वाफ आली तरी घाबरू नका, आत साचलेला दमटपणा आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर मात्र कूलंट जळत आहे, गाडी थांबवा.

एक मिनिट चालू ठेवून हळू निघा. गेटच्या आतच ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा. डिस्कवर चढलेला गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये खरखरत निघून जातो. नंतर अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, इंजिनचे फेरे मिनिटाला २००० च्या (आरपीएम) वर न नेता, तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत तरी.

प्रश्न : किल्ली फिरवली की नुसता ‘टकटकटक’ आवाज येतो. शेजारच्या गाडीवरून केबल लावून चालू करायची आहे. स्फोट होतो असं ऐकलं आहे, ते खरं का? आणि तीन वर्षांचीच बॅटरी एका महिन्यात कशी उतरली?
(डोंबिवली)

भराभर टकटक म्हणजे बॅटरी उतरलेली आहे. सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा खटका, ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. एकच जाड ‘टक्’ येऊन शांतता झाली आणि दिवे मात्र झगझगीत असले तर दोष सेल्फमध्ये किंवा ढिल्या टर्मिनलमध्ये शोधा.

स्फोटाची भीती खरी आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि तिच्या तोंडाशी ठिणगी पडली तर बॅटरी फुटून आम्ल उडू शकतं. केबल लावण्याचा क्रम यासाठीच ठरलेला आहे. दोन्ही गाड्या बंद असाव्यात आणि एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. लाल केबलचं एक टोक तुमच्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं शेजारच्या बॅटरीच्या प्लसला. काळ्या केबलचं एक टोक शेजारच्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून शक्य तितकं लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीपाशी पडू नये एवढाच हेतू आहे.

शेजारची गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवा, मग तुमचा सेल्फ मारा. चालू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. काढतानाही लाल आणि काळ्या चिमट्यांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि कंट्रोल युनिट एका क्षणात जातात, म्हणून टर्मिनलवरची खूण पुसून वाचा, झाकणाच्या रंगावर विसंबू नका. ट्रकवरून जोडू नका, तिथे दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. बाजारातल्या स्वस्त केबल बाहेरून जाड आणि आतून बारीक असतात. छोट्या पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार हवी, डिझेलला २५ ची.

आता दुसरा प्रश्न. बंद गाडीही वीज खाते. अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट पाहणारं युनिट मिळून ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर झाले, पाच आठवड्यांत २५. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे बॅटरी बिघडलेली नसतानाही संपू शकते. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर नंतर बसवून घेतलेला असेल तर दोन आठवडेही पुरे होतात. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण खडे बनतात आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून केबल लावून चालू झाली की काम संपलं असं समजू नका. गॅरेजमधून किंवा घरच्या चार्जरने ती पूर्ण चार्ज करून घ्या. ३५ ची बॅटरी असेल तर साडेतीन-चार अँपिअरवर दहा-बारा तास. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील तर ऑल्टरनेटरही तपासा.

प्रश्न : गाडी वापरत नाही, पण दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं चालू ठेवतो. हे पुरेसं आहे ना?
(पुणे)

ही सवय फार पसरलेली आहे आणि आमच्या मते सोडण्यासारखी आहे. पाच मिनिटांत इंजिन पूर्ण तापत नाही. पेट्रोल जळताना तयार झालेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याऐवजी सायलेन्सरमध्ये आणि थोडं ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सर आतून सडतो, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स जागचे हलतच नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवा, त्यात दहा मिनिटं एसीही लावा, म्हणजे कॉम्प्रेसरचे सील ओले राहतात. ते जमणार नसेल तर गाडी चालू न करता बॅटरीचा मायनस काढून ठेवलेला बरा.

प्रश्न : पावसाळ्यात सहा आठवडे अंगणात उभी होती. इंजिन पटकन चालू झालं, पण पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी मागून बसते, हलत नाही. हँडब्रेक खाली केलेला आहे.
(चिपळूण)

मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू गंजून चिकटले आहेत. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीला कोकणच्या दमट हवेत हे नेहमीचंच. जोर लावून ओढू नका. शूचं लायनिंग पत्र्यापासून उपटून ड्रममध्ये अडकतं आणि साध्या कामाचं मोठं काम होतं.

हँडब्रेक आठ-दहा वेळा वर-खाली करा. नंतर पहिल्या गिअरमध्ये हलकेच क्लच सोडून इंचभर पुढे, लगेच रिव्हर्समध्ये इंचभर मागे असं चार-पाच वेळा. ‘खट्’ असा आवाज येऊन चाक सुटलं तर छान. मोकळ्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने जात हलके ब्रेक लावा, गंज घासून निघेल. सुटलं नाही तर पुढच्या चाकांना दगड लावून मागचं चाक जॅकवर घ्या, चाक काढा आणि ड्रमच्या कडेवर रबरी हातोड्याने गोल फिरत ठोका. लोखंडी हातोडा नको, बीडाचा ड्रम तडकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, काढलेलं चाक तिच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेवा.

पुढच्या वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावून हँडब्रेक मोकळा सोडा. उतारावर उभी करायची असेल तर हा उपाय नाही, सपाट जागा शोधा. आणि गाडी धुतल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका, एक चक्कर मारून ब्रेक सुकवा.

प्रश्न : सीएनजीची कंपनी फिटेड गाडी बेसमेंटमध्ये दोन महिने आहे. टाकीत सीएनजी भरपूर आहे, पेट्रोल दोन-तीन लिटर असेल. काही वेगळी काळजी?
(ठाणे)

दार उघडताच वास घ्या. सीएनजीला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. वास आला तर किल्ली, दिवा, पंखा, रिमोट कशालाही हात न लावता सगळी दारं आणि डिकी उघडून दूर व्हा, आणि सोसायटीला व गॅरेजला कळवा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, म्हणून उघड्यावर तो चटकन वर उडून जातो, बेसमेंटच्या छताशी मात्र साचतो.

वास नसेल तरी तुमची खरी अडचण त्या दोन-तीन लिटर पेट्रोलमध्ये आहे. बहुतेक अशा गाड्या थंड असताना पेट्रोलवरच चालू होतात आणि मग गॅसवर जातात. सीएनजीवाले पेट्रोल महिनोन्‌महिने बदलत नाहीत. जवळजवळ रिकाम्या टाकीत हवा जास्त, तिच्यातला दमटपणाही जास्त. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाला वेगळा बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. इंजिन चालू होऊन धडधडत बंद पडलं तर हेच कारण असू शकतं. सेल्फ मारत बसू नका. पाच-सात लिटर ताजं पेट्रोल घाला. तरीही जमलं नाही तर टाकी उपसावी लागेल. पुढे टाकीत किमान दहा लिटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. लांब जाताना सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून जा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तारीख या काळात उलटली नाही ना, तेही पाहून घ्या.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही तीन महिने गावी होती. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. धक्का मारून चालू करू का?
(संगमनेर)

सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी ठीक आहे, मग धक्क्याने काय साधणार? डिझेलच्या पाइपात हवा शिरली असावी किंवा फिल्टरमध्ये पाणी साचलं असावं. फिल्टरच्या तळाचा नळ सैल करून खाली भांडं धरा. आधी पाणी येईल, स्वच्छ डिझेल दिसलं की बंद करा. फिल्टरजवळ हाताने दाबायचा पंप किंवा रबरी फुगा असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबा. तो नसलेल्या, टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत किल्ली पाच-सहा वेळा ‘ऑन’ करून दर वेळी थोडं थांबा. पिवळा, वेटोळ्याचा हीटरचा दिवा विझल्यावरच सेल्फ मारा. कॉमन रेलचे (सगळ्या इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीचे) पाइप इंजेक्टरपाशी सैल करून हवा काढण्याची जुनी पद्धत वापरू नका. त्या पाइपातला दाब शेकडो बारचा असतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

धक्क्याबद्दल एवढंच. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. मॅन्युअल पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होऊ शकते, पण वारंवार प्रयत्न केले तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पंप आणि इंजेक्टरलाच वीज मिळत नाही, मग कितीही माणसं लावा.

प्रश्न : दोन महिने अमेरिकेला मुलाकडे जाणार आहोत. जाण्याआधी गाडीचं काय करावं?
(नाशिक)

धुऊन, पूर्ण सुकवून ठेवा. टाकी काठोकाठ नको, पण बऱ्यापैकी भरा. ऑइल बदलायची वेळ आलीच असेल तर आल्यावर नव्हे, जाण्याआधी बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल दोन महिने बेअरिंगला लागून राहतं. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा भरा, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत, म्हणजे ते खालून चपटे पडत नाहीत. खाण्याचा एकही पदार्थ आत नको, डिकीतला बिस्किटाचा पुडासुद्धा.

दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढा आणि तो पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही असा कापडात गुंडाळून बाजूला बांधा. काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. घड्याळ आणि आपोआप वर जाणाऱ्या काचा पुन्हा सेट कराव्या लागतील, काही गाड्यांच्या रेडिओला कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. रिमोटची गाडी असेल तर आधी किल्लीने हाताने दार उघडता येतं का हे करून बघा, कारण मायनस काढल्यावर रिमोट चालणार नाही. बहुतेक स्मार्ट किल्ल्यांमध्ये आत एक लोखंडी किल्ली लपलेली असते आणि तिचं भोक दाराच्या मुठीवरच्या टोपणाखाली असतं.